दोर ओढीने तुटला नाही, मग हिसक्याने कसा तुटला?

बंदरावरचा_नातू

मंडळी, घरात चार दिवस एकच वाद चालू आहे. शेवटी इथे आणून टाकतो.

हर्णैला आमची छोटी होडी आहे. इंजिन-जाळ्यासकट सहाएक टन भरेल. गेल्या आठवड्यात ओहोटीला वाळूत रुतली. काकांनी नुकताच नवा दोर आणला होता, १६ मिलिमीटरचा, पांढराशुभ्र, चार टन तोलतो असं दुकानदाराने छातीठोक सांगितलेला. तोच दोर ट्रॅक्टरला लावून होडी ओढून काढली. दोर तटतटला, कुरकुरला, पण तुटला नाही. काका खूश.

दोन दिवसांनी रात्री वारा सुटला. धक्क्याला बांधलेली होडी लाटांवर पुढे-मागे व्हायला लागली आणि पहाटे तीनला फट्कन आवाज. तोच दोर, तीच होडी. सुटलेली होडी शेजारच्यावर आपटली आणि आमची एक फळी गेली.

काका म्हणतात दुकानदाराने फसवलं. आजी म्हणते दृष्ट लागली, पांढरा दोर आणायलाच नको होता. मला पडलेला प्रश्न असा, की ट्रॅक्टरच्या ओढीने जे तुटत नाही ते लाटेच्या हिसक्याने तुटतं, म्हणजे जोरात खेचल्यावर वस्तू कमजोर होते का? हे कुणी नीट मोजून बघतं का?

देवगडी_हापूस

आजीचं बरोबर आहे. धागा बंद करा.

खडूस_काका

दोर चार टनांचा म्हणून सांगितला आणि दोन टनांचा दिला, एवढी साधी गोष्ट आहे. विज्ञान कशाला मध्ये आणायचं?

पहिल्या_बाकावरचा

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, हे आत्ताच शिकलोय! भार हळूहळू वाढवत नेला तर जेवढा ताण येतो, त्याच्या दुप्पट ताण तोच भार एकदम सोडला तर येतो. उंचावरून टाकलाही नाही, नुसता हात सोडला तरी दुप्पट. उंचावरून पडला तर आणखी जास्त. म्हणजे वस्तू कमजोर होत नाही, तिच्यावर येणारा भारच वाढतो.

खडूस_काका

दुप्पट म्हणजे बरोब्बर दुप्पट? कोणत्याही वस्तूला?

पहिल्या_बाकावरचा

हो काका, वस्तू स्प्रिंगसारखी वागते तोवर. पेपरात यावर आठ मार्क होते, मला सहा मिळाले.

यूटीएमवाली

माहेर गुहागर, नोकरी पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत. अकरा वर्षं वस्तू ओढून तोडण्याचाच पगार घेते, त्यामुळे राहवलं नाही.

नातूसाहेब, मोजतात. मनापासून मोजतात. कॉलेजात सगळ्यांनी पाहिलेलं यूटीएम, म्हणजे वस्तू ओढून-दाबून तोडायचं यंत्र, आठवा. डंबेलच्या आकाराचा नमुना दोन जबड्यांत धरायचा आणि सावकाश ओढायचा. आधी तो ताणतो, मग मधे बारीक होतो (आम्ही म्हणतो मान पडली) आणि मग तुटतो. चहा पिऊन होईपर्यंत एक तुकडा. यात स्ट्रेन रेट, म्हणजे मूळ लांबीच्या किती पट लांबी दर सेकंदाला वाढते तो दर, ०.०००१ ते ०.००१ च्या आसपास असतो.

पण गाडी आपटते तेव्हा पत्र्यातला स्ट्रेन रेट काही शेकड्यांवर जातो. चहाच्या वेगाने मोजलेला आकडा तिथे चालत नाही. म्हणून वेगाने ओढणारी हायड्रॉलिक यंत्रं असतात, सेकंदाला १०-२० मीटरपर्यंत जाणारी. एवढा वेग नमुना धरून शून्यापासून गाठता येत नाही, कारण वेग यायच्या आत नमुना तुटून मोकळा. म्हणून मधे एक पोकळ सरकती जोडणी असते. पिस्टन आधी रिकामा धावतो, पूर्ण वेग घेतो आणि मग नमुन्याला पकडून खेचतो. थोडक्यात, आम्ही मुद्दाम हिसका तयार करतो.

खरी पंचाईत पुढे आहे. १० मिलिमीटर मापाचा नमुना २० टक्के ताणून तुटतो असं धरा. म्हणजे २ मिलिमीटर. सेकंदाला १० मीटर वेगाने हे ०.२ मिलिसेकंदात उरकतं. आता बल मोजायला जो लोडसेल बसवलाय तो हिसका बसल्यावर देवळातल्या घंटेसारखा स्वतःच वाजायला लागतो, आणि त्याचं एक कंपन पुरं व्हायलाही साधारण तेवढाच वेळ लागतो. आलेखावर नुसते डोंगर-दऱ्या. नवीन मुलं त्या डोंगरांना "मटेरियलची प्रॉपर्टी" समजून रिपोर्ट लिहितात. ती प्रॉपर्टी नमुन्याची नाही, यंत्राची असते! म्हणून नमुन्याच्याच रुंद टोकाला स्ट्रेन गेज (नमुन्याबरोबर ताणणारी मोजपट्टी) चिकटवून तिथे बल मोजावं लागतं, आणि नमुना किती लांबला ते हायस्पीड कॅमेऱ्यातून, नमुन्यावर रंगाचे ठिपके मारून.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर: जोरात खेचल्यावर बहुतेक वस्तू कमजोर होत नाहीत, उलट जास्त ताकद दाखवतात. साधं माइल्ड स्टील सेकंदाला हजाराच्या स्ट्रेन रेटला साध्या चाचणीच्या साधारण दुप्पट ताणावर जाऊन मग कायमचं लांबायला लागतं. गाड्यांत वापरतात ती बरीचशी अ‍ॅल्युमिनियमची मिश्रणं मात्र ढिम्म. हळू ओढा नाहीतर जोरात, फारसा फरक नाही.

खडूस_काका

मग नातवाचा प्रश्न उलटाच झाला की. हिसक्याने दोर मजबूत व्हायला हवा होता. म्हणजे दुकानदार चोर हे सिद्ध झालं.

सुकट_प्रेमी

ताई, पण डांबराचं उलट असतं ना? आमच्या वाडीच्या रस्त्याचं काम चालू होतं तेव्हा उरलेला डांबराचा गोळा पिंपात ठेवलेला. उन्हात आठवड्यात पसरून सपाट झाला. त्याच गोळ्यावर पोरांनी सकाळी हातोडा मारला तर काचेसारखे तुकडे.

यूटीएमवाली

उत्तम उदाहरण. उलट नाही, हेच. डांबर, प्लास्टिक, नायलॉन यांच्यात रेणूंना एकमेकांवरून सरकायला वेळ लागतो. वेळ दिलात तर वाहतात. नाही दिलात तर ताकद वाढते पण ताणणं कमी होतं, आणि मग ठिसूळ तुटतं. "मजबूत" आणि "तुटायला अवघड" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

डांबराचा हळूपणा बघायचा तर ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंड विद्यापीठात १९२७ साली एका नरसाळ्यात डांबरासारखं पिच भरून ठेवलंय. त्यातून थेंब पडायला वर्षानुवर्षं लागतात.

देवगडी_हापूस

आमच्याकडच्या महामार्गाच्या कामाचा वेग त्यावरूनच घेतलेला दिसतो.

सुकट_प्रेमी

गुळाच्या पाकाचंही तेच. कोमट असताना हळू ओढला तर तार निघते, झटका दिला की कट्.

देवगडी_हापूस

झालं, आता पाककृती. पुढचा प्रतिसाद मोदकांवर येणार बघा.

पहिल्या_बाकावरचा

ताई, मुंबई-गोवा महामार्गावर हायस्पीड टेस्टिंग करता येईल का? 😀

देवगडी_हापूस

टेस्टिंग करता येईल, हायस्पीड कुठून आणणार?

मालवणी_तात्या

सगळा वाचलंय. तुमचा विज्ञान तुमच्याकडे ठेवा, माझा आयका. आमच्या वेळेक नायलॉन नव्हतो, काथ्याचे दोर. ताकद कमी, पण दोर ताणायचो. लाट इली काय दोर लांब व्हयचो, लाट गेली काय परत जाग्यार. हल्लीचे दोर काठयेसारके. तुज्या काकान होडी आखूड बांदलेली असतली, शेजारच्या होडयेक लागू नये म्हणान. होय काय नाय?

बंदरावरचा_नातू

तात्या, तुम्ही तिथे होता का? हो, आखूडच होती. चारएक मीटर. धक्क्यावर गर्दी होती.

गणिताचे_सर

तात्यांनी जे सांगितलं तेच आकड्यांत मांडतो.

होडी ६ टन, म्हणजे ६००० किलो. लाटेने सेकंदाला १.५ मीटर वेगाने मागे गेली असं धरू. तिची गतिज ऊर्जा ६७५० जूल. होडी थांबवायची तर ही सगळी ऊर्जा दोराने पोटात घ्यायची. दोर स्प्रिंगसारखा धरला तर ऊर्जा म्हणजे अर्धा गुणिले बल गुणिले ताणलेली लांबी.

दोर २० सेंटिमीटर ताणला तर बल ६७,५०० न्यूटन, म्हणजे जवळजवळ ७ टन. तोच दीड मीटर ताणला तर ९००० न्यूटन, एक टनापेक्षा कमी.

होडी तीच, लाट तीच. फरक फक्त दोर किती "देतो" याचा. ४ मीटरचा कडक दोर ५ टक्के ताणला की २० सेंटिमीटर झाले. १० मीटरचा नायलॉन १५ टक्के ताणला की दीड मीटर.

पहिल्या_बाकावरचा

सर, एक अजून. आम्हाला हॉपकिन्सनचा प्रयोग सांगितला होता. १८७२ मध्ये जॉन हॉपकिन्सनने लोखंडाच्या उभ्या लांब तारेच्या खालच्या टोकावर उंचावरून वजनं टाकली. तार तुटणं वजनावर फारसं अवलंबून नव्हतं, वजन किती उंचावरून पडलं त्यावर होतं! म्हणजे टोकाला मिळालेल्या वेगावर. कारण हिसक्याची बातमी तारेत लाटेसारखी पुढे जाते, आणि बातमी पोचेपर्यंत वरच्या तारेला खाली काय झालंय ते माहीतच नसतं. मग तुमचं ऊर्जेचं गणित कसं लागू पडेल? दोर पूर्ण ताणायच्या आतच टोकाला तुटला असेल.

यूटीएमवाली

बाळा, तुला आठपैकी सहा देणाऱ्यांना माझ्याकडे पाठव. स्टीलच्या तारेत ही लाट सेकंदाला साधारण ५००० मीटरने धावते, आणि टोकाला दिलेल्या सेकंदाला १ मीटर वेगामागे साधारण ४० मेगापास्कल (म्हणजे दर चौरस मिलिमीटरला ४० न्यूटन) ताण तत्क्षणी येतो. ५ मीटरवरून पडलेल्या वस्तूचा वेग सेकंदाला १० मीटर, म्हणजे ४०० मेगापास्कल, वजन कितीही असो. लाट वरच्या टोकाला आपटून परतते तेव्हा ताण आणखी चढतो, म्हणून तार कधीकधी फटका बसला तिथे नाही तर वर, बांधलेल्या जागी तुटते.

जॉनचा मुलगा बर्ट्राम. त्याने १९०५ मध्ये बापाचे प्रयोग पुन्हा केले आणि १९१४ मध्ये याच लाटेचा उपयोग करून गोळीचा आणि स्फोटाचा दाब मोजायचा दांडा काढला. १९४९ मध्ये कोल्स्कीने तो दांडा दोन भागांत करून मधे नमुना ठेवला. आज सेकंदाला हजारोंचा स्ट्रेन रेट लागला की जगभर हेच यंत्र. लोडसेल वाजतो ही अडचण होती ना? इथे लांब दांड्यातून जाणारी लाट हेच मोजमाप. ज्याने त्रास दिला त्यालाच कामाला लावलं.

आणि आता कबुली. मीच तुम्हाला भरकटवलं. नातूचा दोर ४ मीटर, वेग १.५ मीटर. स्ट्रेन रेट काढा: १.५ भागिले ४, म्हणजे सेकंदाला ०.४ सुद्धा नाही. तोच वेग माझ्या १० मिलिमीटरच्या नमुन्याला दिला तर सेकंदाला १५०. वेग एकच, पण लांब दोराला तो हिसका हिसका वाटतच नाही. दोरात लाट एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला काही मिलिसेकंद, आणि होडी थांबायला त्याच्या कितीतरी पट वेळ. म्हणजे लाट शंभरदा इकडून तिकडे करून आली, दोराला पूर्ण बातमी मिळाली. त्यामुळे हॉपकिन्सनही इथे नाही आणि माझं यंत्रही नाही. सरांचं ऊर्जेचं गणितच खरं.

फक्त सर, ५ टक्के कमी धरलेत. हा दोर नायलॉन नसावा, नातूच्या वर्णनावरून पॉलिएस्टर वाटतो. तो तुटायच्या वेळी १२ ते १५ टक्के ताणलेला असतो. ४ मीटरला १२ टक्के म्हणजे ४८ सेंटिमीटर. ४ टनाला तुटतो धरलं तर पोटात ९६०० जूल घेईल. होडीचे ६७५० होते. तुमच्याच सूत्राने दोर वाचायला हवा होता.

गणिताचे_सर

मान्य. उत्तर आधी ठरवून आकडा धरला. विद्यार्थ्यांना यासाठी मी अंगठे धरायला लावत असे.

खडूस_काका

पुन्हा दुकानदारावर आलो. मी पहिल्यापासून सांगतोय.

निवृत्त_सारंग

३४ वर्षं जहाजावर. एक विचारतो: तुटला कुठे? मधे, का गाठीजवळ? कोणीच विचारलं नाही.

आणि एक सांगून ठेवतो, विषय निघालाच आहे म्हणून. ताणलेला दोर तुटतो तेव्हा ती सगळी ऊर्जा, जी सर जुलांत मोजताहेत, परत येते. दोर चाबकासारखा उलट मारतो. जितका जास्त ताणणारा तितका वाईट, म्हणजे तुमचा लाडका नायलॉन सगळ्यात वाईट. माझ्या डोळ्यांसमोर एका पोराचा पाय गेला. ते बंदर आणि ते जहाज नको आठवायला. ट्रॅक्टरने होडी ओढताना दोराच्या रेषेत आणि दोराच्या जवळ कुणी उभं राहायचं नाही. गावात हे बघायला निम्मी वाडी जमते, पोरांना खांद्यावर घेऊन.

बंदरावरचा_नातू

सारंगकाका, आमच्याकडेही जमली होती. मीही दोराच्या शेजारी उभा राहून व्हिडिओ काढत होतो. पुढच्या वेळी नाही.

आत्ता तुटलेला तुकडा घेऊन बसलोय. अगदी गाठीला लागून तुटलाय, धक्क्यावरच्या लोखंडी कडीजवळ. कडी गंजून कातरली आहे, तिथे दोराचे बाहेरचे पदर कुसळांसारखे झालेत, आत वाळू. काही धाग्यांची टोकं हाताला कडक लागतात, वितळून गोठल्यासारखी.

यूटीएमवाली

मिळालं. गाठ मारली की दोराची ताकद बरीच घटते, कित्येक गाठींना अर्ध्यावर येते, कारण वळणावर बाहेरच्या बाजूचे धागे सगळा भार घेतात आणि आतले आराम करतात. अर्धी म्हणजे २ टन. तेवढ्या भाराला हा दोर ४ मीटरमागे २४ सेंटिमीटर ताणलेला असेल, म्हणजे पोटात फक्त २४०० जूल. होडीने ६७५० दिले. ताकद निम्मी झाली की पचनशक्ती पाव होते, हे लक्षात ठेवा. त्यावर गंजक्या कडीने काही पदर आधीच खाल्लेले.

कडक टोकांबद्दल: नायलॉन-पॉलिएस्टरचा धागा फार वेगात तुटला तर सूक्ष्मदर्शकाखाली त्याचं टोक अळंबीच्या टोपीसारखं दिसतं. तुटताना सुटलेली उष्णता बाहेर जायला वेळ मिळत नाही, टोक वितळतं. पण तुमच्या हाताला लागतंय ते बहुधा गाठीतल्या घासण्याने वितळलेलं. बोटाने त्यातला फरक कळत नाही.

खडूस_काका

पण मग ट्रॅक्टरला कसा नाही तुटला? तिथेही गाठ असेलच की.

बंदरावरचा_नातू

अं... काकांना विचारून आलो. ट्रॅक्टरला दोर दुहेरी करून लावला होता. होडीच्या खुंट्यातून ओवून दोन्ही टोकं ट्रॅक्टरला.

पहिल्या_बाकावरचा

अरे!!!

देवगडी_हापूस

तीस प्रतिसाद होत आले, १८७२ पासून १९४९ पर्यंत जाऊन आलो, आणि हा म्हणतो दोर दुहेरी होता.

गणिताचे_सर

दुहेरी, शिवाय ट्रॅक्टरवाल्याने आधी दोर हळूहळू ताठ करून घेतला असेल. सैल दोर ठेवून पळवला असता तर दुहेरीही गेला असता.

मालवणी_तात्या

माका कोणी इचारूक नाय, तरी सांगतंय. दोर लांब सोड. कडयेत गाठ मारू नको, दोराक डोळो (टोकाक कायमचो फासो) विणून घे, आत जाड नळी घाल. मधी जुनो टायर बांद. आणि नायलॉन आण.

यूटीएमवाली

तात्यांच्या सल्ल्यात दुरुस्ती करण्यासारखं काही नाही. एकच पुरवणी: नायलॉन भिजला की १०-१५ टक्के ताकद गमावतो, म्हणून एक माप जाड घ्या. विणलेला डोळा गाठीपेक्षा कितीतरी बरा. टायर म्हणजे फुकटची लांबी.

सुकट_प्रेमी

अवांतर: काथ्या एवढा ताणतो म्हणूनच का पूर्वी अरबी समुद्रातली गलबतं खिळ्यांऐवजी काथ्याने शिवलेली असायची?

निवृत्त_सारंग

शिवलेली असायची हे खरं. किनाऱ्यावर आपटलं तरी सांगाडा थोडा द्यायचा, असं जुने लोक सांगत. काथ्या खाऱ्या पाण्यात लवकर कुजतही नाही. वेगळा धागा काढा, लिहितो.

खडूस_काका

एकूण दुकानदार निर्दोष?

बंदरावरचा_नातू

निर्दोष. काकांना सगळा धागा वाचून दाखवला. डोळा विणून घेतलाय, टायर मिळाला, आणि तसंही १ जूनपासून मासेमारी बंद, होडी वर ओढायचीच आहे. यावेळी प्रेक्षक लांब. दुकानदाराशी मात्र काका अजून बोलत नाहीत, आता लाजेने.

पांढऱ्या दोराचा उरलेला मोठा तुकडा आजीने मागच्या पडवीत कपडे वाळत घालायला बांधलाय. चार टन तोलतो म्हणते.

यूटीएमवाली

ओली गोधडी हिसक्याने टाकू नका म्हणावं. खिळा दोन किलोच तोलत असेल.